किराण्याचा कप्पा

पुणे

चि. अद्वैत यास,


नलूआत्याच्या रेकॉर्डच्या कपाटाचे फोटो पाहून तू विचारलंस, की हे सगळं आडनावांप्रमाणे का लावलेलं नाही, शोधायला किती सोपं गेलं असतं! आत्या म्हणाली, "काकूला सांग लिहायला, मला वेळ नाही." म्हणून हे पत्र.

तबकड्या मूळच्या आप्पांच्या. ते गेल्यावर खोक्यांत पडून होत्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर आत्याने त्या बाहेर काढल्या आणि जन्मभर लेजरं सांभाळलेल्या माणसाला सुचेल तेच केलं, आडनावं धरली. किराणा घराण्यापाशी गाडी अडली. अब्दुल करीम खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात होते, तिथल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांनी संसार मांडला. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावंही बदलली. म्हणून मुलगा सुरेशबाबू माने, थोरली मुलगी हिराबाई बडोदेकर, धाकटी सरस्वती राणे. आडनावं लावली की बाप एका कप्प्यात आणि पोरं तीन कप्प्यांत! खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. ते 'स'मध्ये की 'क'मध्ये? त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींवर तर नाव आहे 'गांधारी'.

आत्याने सगळं उतरवलं आणि घराण्यांप्रमाणे लावलं.

आता किराण्याच्या कप्प्यात खाँसाहेब, मग त्यांची मुलं, मग सवाई गंधर्व, आणि त्यांना लागून गंगूबाई आणि भीमसेन जोशी. सुरेशबाबू आणि हिराबाईंकडे शिकलेल्या प्रभा अत्रे त्या दोघांच्या शेजारी. वेगवेगळी माणसं तीच जागा, तोच स्वर कसा लावतात, हे ओळीने ऐकायचं तर हात लांब करावा लागत नाही.

जयपूरच्या कप्प्यात सुरुवातीलाच एक पुठ्ठा उभा आहे. त्यावर आत्याच्या अक्षरात 'अल्लादिया खाँ' आणि मागे तबकडी नाही. खाँसाहेबांनी रेकॉर्ड दिलीच नाही, पण त्यांच्यावाचून कप्पा सुरू कसा करायचा? मागे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि मोगूबाईंना चिकटून त्यांची लेक किशोरी आमोणकर. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. त्यांची भैरवी 1977 साली 'व्हॉयेजर' यानांवरच्या सोनेरी तबकडीवर चढून अंतराळात गेली. दुसरं यान 5 सप्टेंबरला सुटलं आणि त्याच महिन्यात बाई गेल्या. भैरवी साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरची, कारण जुन्या 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या, एका बाजूला तेवढंच मावायचं. पुढे एलपी आली आणि किशोरीताईंना एका बाजूला वीस मिनिटं मिळाली.

'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड मात्र कुठल्याच घराण्यात बसेना. तिच्यासाठी तळाला 'किरकोळ' असा कप्पा आहे आणि पाहुण्यांची पहिली धाड तिथेच पडते.

घराण्यांच्या आड एकच गोष्ट आली, आकार. 78च्या तबकड्या दहा इंची, एलपी बारा इंची. दोन्ही एकत्र उभ्या केल्या की मोठीला वरच्या बाजूने आधार राहत नाही आणि ती वाकते. म्हणून प्रत्येक घराणं दोन मजली, खाली 78, वर एलपी. सगळ्या उभ्या, एकमेकींवर रेललेल्या नाहीत आणि आडव्या थप्पीत तर मुळीच नाहीत. कव्हरासकट शंभर एलपी पंचवीस किलोच्या घरात जातात, तेव्हा सुताराकडून जाड फळ्या घालून घेतल्या. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढलंय.

धुण्याचंही पथ्य आहे. एलपी डिस्टिल्ड वॉटर आणि थेंबभर सौम्य साबणाने पुसली तर चालते. 78 मात्र लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बाजारातल्या पुष्कळ द्रावणांत ते असतंच, तेव्हा तुझ्याकडची बाटली नीट वाचून घे. इथून पाठवलेली हिराबाईंची 78 लावताना सुईसुद्धा बदल. एलपीची सुई बारीक, इंचाच्या एक हजारांशाच्या आसपास. 78च्या रुंद खाचेला त्याच्या तिप्पट लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घरंगळते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते.

तुला तिथे मिळालेली कुमार गंधर्वांची एलपी सुट्टीत घेऊन येशील ना? तिच्यावरून घरात वाद पेटलाय. कुमारजी बी. आर. देवधरांचे शिष्य आणि देवधर विष्णु दिगंबर पलुसकरांचे, त्या नात्याने आत्याने ग्वाल्हेरच्या कप्प्यात टोकाला जागा करून ठेवलीय. काका म्हणतात, हा माणूस कुठल्याच कप्प्यात मावायचा नाही, त्याला स्वतंत्र फळी हवी. तू काय म्हणतोस ते कळव, म्हणजे सुताराला एकदाच बोलावता येईल.

तुझी,
काकू