बंद पंपाखालचे पाणी

रस्ता रुंद झाला किंवा गावाबाहेरून वळवला की जुना पेट्रोल पंप बंद पडतो. यंत्रे निघतात, पत्रे उतरतात, त्या जागी गाळे उभे राहतात. जमिनीखालच्या लोखंडी टाकीचे काय झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की टाकी रिकामी झाली तरी गंजलेल्या सांध्यांतून आधी झिरपून गेलेले इंधन खालीच राहते, आणि त्याचा शोध आसपासच्या विहिरींतून घ्यावा लागतो. सेलू तालुक्यात बोर धरणाच्या वाटेवर असलेले हिंगणी उदाहरणाला घ्या. तिथल्या पाण्यात इंधन सापडले आहे असे मी म्हणत नाही. तिथला काळा पाषाण वर्धा जिल्ह्यातल्या बहुतेक गावांखाली आहे, म्हणून ते नाव घेतो. वर माती, खाली मुरूम, मग भेगाळ कातळ. वाळूच्या प्रदेशात दूषित पाणी बऱ्यापैकी सरळ पसरते. कातळात ते भेग जाईल तिकडे जाते. पंपाला लागून असलेली विहीर चांगली आणि दोन शेते पलीकडची बाधलेली, असे इथे घडू शकते.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलावर तरंगते. मे महिन्यात पाणी खोल जाते तसे तेही उतरते, पावसाळ्यात पाण्याबरोबर वर चढते, आणि दर खेपेला भेगांच्या कडांना चिकटून राहते. तिथून त्यातले बेंझिन वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. बीएस-6 पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त 1 टक्का असते. म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे पावणेनऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. हिशेब केला तर हे पावणेनऊ ग्रॅम जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतात. इंधन ऋतूप्रमाणे पाण्याबरोबर वर-खाली होते, म्हणून नमुना एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा सरल्यावर घ्यायला हवा. तो घेण्याचीही रीत आहे. 40 मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ, पाण्याला वर फुगवटा येईपर्यंत भरायची, झाकण लावून उलटी करायची. आत एक बुडबुडा दिसला तरी ती बाद, कारण बेंझिन त्या हवेत निसटते. प्लास्टिकच्या बाटलीतून नेलेल्या पाण्याचा ‘निर्दोष’ अहवाल मी मानत नाही. उघड्या विहिरीच्या वरच्या पाण्यातूनही ते उडून जाते, तेव्हा नमुना झऱ्याजवळून, खोलातून घ्यावा.

पाण्याला वास येत नाही, मग काळजी कशाला, असे लोक म्हणतात. पण बेंझिनचा वास पाण्यात जाणवतो तो साधारण लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या हजारपट झाल्यावर. दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि त्यात तथ्य आहे: जमिनीतले जीवाणू इंधन खातात, काळाने पाणी आपोआप सुधारते. सुधारते, पण प्राणवायू पुरला तर. आज पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; जीवाणू आधी ते संपवतात, त्यात प्राणवायू खर्ची पडतो आणि बेंझिन मागे राहून दूरवर जाते. तेव्हा निसर्गावर सोपवायचे असेल तर पाणी सुधारते आहे हे मोजून दाखवावे लागेल. राहिला खर्च. अमेरिकेने 1984 साली अशा टाक्यांसाठी कायदा केला आणि तेव्हापासून तिथे पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. शोधल्या, म्हणून सापडल्या. आपल्याकडे चेन्नईच्या तोंडियारपेठेत 2013 साली बोअरच्या पाण्यातच इंधन आले, तेव्हा जमिनीखालच्या वाहिनीची गळती चर्चेत आली. इतका उशीर झाल्यावर येणारा खर्च चार कुप्यांच्या तपासणीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

सुरुवात कागदांपासून करता येईल. पंपांच्या टाक्यांना परवाना देणाऱ्या पेसोचे मुख्यालय नागपुरातच आहे; पण त्या परवान्याचा मूळ हेतू आग आणि स्फोट टाळण्याचा आहे, पाण्याचा नाही. विहिरींच्या पातळीची नोंद भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठेवते. बंद टाक्यांची यादी आणि विहिरींचा नकाशा एकावर एक ठेवला, की कुठल्या विहिरी आधी तपासायच्या ते समजेल. ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे: जुन्या पंपाच्या जागेवर बांधकामाची परवानगी देण्याआधी टाकी काढल्याचा दाखला आणि आसपासच्या विहिरींचे दोन ऋतूंतले अहवाल मागा.