वरातीत वाद्य जपताना

दारू प्यायलेल्या श्रोत्यांपासून वाद्ये सांभाळणे हा वाजवणाऱ्यांच्या धंद्यातला जुना आणि रोजचा भाग आहे. महाराष्ट्रात तो सगळ्यात उघडपणे दिसतो तो लग्नाच्या वरातीत आणि हळदीच्या रात्री. नाट्यगृहातल्या मैफलीत वादक आणि श्रोते यांच्यामध्ये उंच मंच असतो, मोकळी जागा असते, खुर्च्यांच्या रांगा असतात. वरातीत यातले काहीच नसते. ब्रास बँड रस्त्याने चालत वाजवतो. बेंजो पार्टी हातगाडीवर किंवा टेम्पोत साउंड आणि जनरेटर चढवून वरातीबरोबर पावलापावलाने सरकते. नाचणारे वादकांच्या अंगाला अंग लावून नाचतात, आणि त्यातले निम्मे कुठेतरी गाडीच्या डिकीपाशी जाऊन आलेले असतात. जत्रेतला तमाशा, गावच्या पटांगणातला ऑर्केस्ट्रा, शहरातल्या पबमधला बँड या सगळ्यांना हा त्रास आहे; पण वरातीतल्या वादकाला पाठ टेकायला भिंतसुद्धा नसते, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करणे योग्य.

प्यायलेला माणूस वाद्याजवळ येतो तो बहुतेक वेळा भांडायला नव्हे, लोभाने येतो. त्याला गाणे आवडलेले असते. तो नवरदेवावरून नोट ओवाळतो आणि ती ट्रम्पेटच्या तोंडात खोचतो. ताशेवाल्याच्या हातातल्या काड्या मागतो, कारण लहानपणी गणपतीत त्याने ताशा वाजवलेला असतो. ऑक्टोपॅडवर दोन थापा मारून बघतो. गायकाच्या गळ्यात पडून माइक ओढून घेतो, कारण भावाच्या लग्नात चार शब्द बोलायची त्याला फार इच्छा असते. मुद्दाम वाद्य फोडणारा क्वचितच भेटतो. हे नीट ध्यानात घेतले नाही तर बंदोबस्त चुकतो. लोभाने आलेल्या माणसाला ढकलले की तो शत्रू होतो, आणि मग जे वाद्य फक्त ओले व्हायचे ते मोडते.

नुकसान नेमके काय होते, हे वाद्यागणिक वेगळे आहे. ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे समोरून बसलेला धक्का. वाद्याच्या फुललेल्या तोंडाला कुणाची कोपर लागली की तो मार सरळ मागे येतो. धातूचा मुखभाग ओठांवर आदळतो आणि ओठ दातांवर. फुंकणाऱ्याचे पोट ओठांवर चालते. ओठ फाटला तर जखम भरेपर्यंत त्याचे काम बंद. खुद्द वाद्यातही नाजूक जागा आहेत. पितळी नळीला पोचा पडला तर सूर थोडा बिघडतो, पण पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याला नखाएवढा पोचा आला तरी पिस्टन अडकतो, आणि वाद्य त्या रात्रीपुरते गप्प होते.

ढोलकीचे दुखणे निराळे. तिच्या उजव्या पुडीवरची काळी शाई म्हणजे लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून केलेला लेप. घोटताना त्यात अगदी बारीक भेगांचे जाळे तयार होते, आणि त्या जाळ्यामुळेच शाई कातड्याबरोबर मोकळेपणी हलते. ढोलकीची ती खणखणीत टीप तिथून येते. या शाईवर पेल्यातली बिअर सांडली की खळ भिजते, भेगा रुंदावतात, थाप पडेल तसे दाणे सुटू लागतात. कडेची एक कपची उडाली तरी सूर फाटतो. शिवाय कातडे स्वतः पाणी पिते, सैल पडते आणि उतरते. रस्त्यावर चालताना ते पुन्हा चढवता येत नाही. शाई नव्याने भरायची तर कारागिराकडेच जावे लागते, आणि लग्नसराईत कारागिराकडे आधीच रांग असते.

बेंजो पार्टीतला बेंजो म्हणजे बुलबुल तरंगाचे विजेवर वाजणारे भावंड. त्याचे मूळ जपानमधल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. नागोया शहरात 1912 साली ते तयार झाले. टाइपरायटरसारखी बटणे दाबली की तारा दाबल्या जातात. दारू सांडली तर बटणे चिकटून खालीच राहतात आणि तारांना गंज चढतो. कीबोर्डमध्ये पट्ट्यांखाली रबराची पट्टी आणि कार्बनचे टिकले असतात. तिथे पातळ पदार्थ शिरला तर एक सूर सतत वाजत राहतो किंवा अजिबात वाजत नाही. यात दारूपेक्षा तिच्यात मिसळलेले कोल्ड्रिंक जास्त घातक, कारण पाणी आणि अल्कोहोल उडून जातात, साखर मागे राहते. लाकडी वाद्याच्या बाबतीत मात्र अल्कोहोलच वैरी आहे. सतार, तंबोरा आणि कितीतरी जुन्या व्हायोलिनवर लाखेचे पॉलिश असते, आणि लाख स्पिरिटमध्येच विरघळते. व्हिस्कीचा ओघळ तसाच वाळला तर पॉलिश तिथे मऊ पडून डाग कायमचा बसतो.

ओल्या मंचावर वाद्यापेक्षा जिवाची काळजी आधी करावी लागते. ब्रिटनमधल्या स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी 1972 साली स्वान्सी शहरात कार्यक्रम चालू असताना विजेच्या धक्क्याने गेला. मायक्रोफोनचे अर्थिंग नीट नव्हते. जनरेटरवर चालणाऱ्या हातगाडीवर अर्थिंग बहुधा नावापुरतेच असते. तिथे सांडलेला एक पेला वाद्य बिघडवून थांबेलच असे नाही. 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी आणि जमिनीपासून वर उचललेले जोड हा खर्च टाळण्यासारखा नाही. तरीही तो सर्रास टाळला जातो, याचे वाईट वाटते.

अमेरिकेत या विषयाचा इतिहास बराच नोंदलेला आहे. 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातल्या ट्विस्ट या गावी एका नाचघरात तरुण गिटारवादक बी. बी. किंग वाजवत होता. ऊब यावी म्हणून मधोमध केरोसीनचे पिंप पेटवून ठेवलेले. दोन माणसांची झटापट झाली, पिंप कलंडले, आग लागली. किंग बाहेर पळाला आणि गिटार आत राहिली म्हणून जळत्या घरात परत शिरला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून झाले होते हे त्याला मागाहून कळले, आणि पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही याची आठवण म्हणून त्याने आपल्या गिटारींना तेच नाव दिले. साध्या गिटारीसाठी माणूस आगीत का शिरतो, हे ज्याच्या घरची चूल वाद्यावर पेटते त्याला समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेतल्या काही दारूच्या अड्ड्यांवर मंचापुढे कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून बँडला तिच्यामागे उभे करत. 1980 च्या ‘द ब्लूज ब्रदर्स’ या चित्रपटात असा प्रसंग आहे. जाळीने बाटली अडते खरी, पण वाजवणारा पिंजऱ्यात आणि ऐकणारा बाहेर, अशी मांडणी झाली की बाटली फेकणे हाच खेळ होऊन बसतो.

6 डिसेंबर 1969 ला कॅलिफोर्नियात अल्टामाँट येथे रोलिंग स्टोन्स या बँडच्या कार्यक्रमात जे झाले त्यातून याहून मोठा धडा मिळतो. कार्यक्रमाची जागा ऐन वेळी बदलली. मूळ जागी मंच टेकडीवर उभा राहणार होता, म्हणून तो ठेंगणा बांधलेला, जेमतेम मीटरभर उंचीचा. अल्टामाँटला तोच मंच उताराच्या पायथ्याशी आला, आणि तीन लाखांच्या आसपास लोकांचा रेटा त्याच्यावर आला. राखणीला हेल्स एंजल्स या मोटारसायकलवाल्यांची टोळी होती. मोबदला 500 डॉलरची बिअर, असे नंतर सांगितले गेले. राखणदार स्वतःच प्यायलेले. जेफरसन एअरप्लेन बँडचा गायक मार्टी बॅलिन मारहाणीत बेशुद्ध पडला, आणि मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या तरुणाचा मंचासमोर भोसकल्याने मृत्यू झाला. मंचाची उंची, जमिनीचा उतार आणि राखणदाराची शुद्ध या तिन्ही गोष्टी पहिले गाणे सुरू होण्याआधीच ठरून गेल्या होत्या.

म्हणूनच वाद्य वाचते ते सुपारी घेताना. बँडमालक सुपारी घेतो तेव्हा तारीख, वेळ, रक्कम आणि वरातीचा मार्ग ठरतो. वाद्याचे नुकसान झाले तर भरपाई कुणी द्यायची, हे मात्र विचारायला संकोच वाटतो. शुभकार्याच्या बोलण्यात तोडफोडीची भाषा नको, अशी ती भावना. पण हे तेव्हाच बोलावे आणि पावतीवर लिहावे. दुसरी गोष्ट म्हणजे यजमानाकडून एक माणूस मागून घ्यावा: न पिणारा, आणि ज्याचा शब्द घरात चालतो असा. नवरदेवाचा मामा या कामाला नेहमीच बरा. बँडच्या पोराने “दादा, जरा मागे व्हा” म्हटले तर दादा चिडतो; मामाने नुसते नाव घेऊन हाक मारली तरी तोच दादा निमूट बाजूला होतो. भाडोत्री बाउन्सरला हे जमत नाही, कारण त्याला नाती ठाऊक नसतात.

पटांगणातल्या कार्यक्रमाला मंच छातीएवढा उंच असावा आणि त्याच्या पुढे निदान पाच-सहा फूट मोकळी जागा सोडून बांबूचा कठडा बांधावा. मंचावर चढायची शिडी एकच, तीही मागे. मिक्सर गर्दीत मधोमध ठेवावाच लागला तर टेबलाला तिन्ही बाजूंनी आडोसा हवा. तिथे पेला ठेवायला सपाट जागा दिसली की पेला येतोच. वरातीत दोरखंडाचे कडे धरून वादकांना आत घेणे हा सोपा उपाय आहे, आणि दोर धरणारे चौघे पार्टीचेच असावेत. हातगाडीवर कीबोर्डला पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण, ढोलकीला न वाजवताना कापडी खोळ, आणि पाहुण्यांसाठी एक साधा जादा माइक. हा माइक फार उपयोगी. ज्याला बोलायचेच आहे त्याला तो द्यावा, दोन वाक्ये बोलू द्यावीत आणि लगेच त्याच्या आवडीचे गाणे सुरू करावे. त्याचा मान राहतो, गायकाचा माइकही वाचतो.

एवढे करूनही कुणी अंगावर आलाच, तर वादकाच्या हाती सगळ्यात मोठी ताकद आहे ती वाजवणे थांबवण्याची. संगीत एकदम थांबले की सगळी वरात वळून बघते, आणि त्या माणसाला आवरायला त्याचेच सोबती धावतात. हे हत्यार एकदाच चालते; पुन्हा पुन्हा थांबले की राग बँडवर निघतो. वेळेचाही मोठा हात असतो. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम ध्वनिप्रदूषणासाठी आहे, पण वाद्यांनाही त्याचा आधार आहे, कारण बहुतेक मोडतोड “शेवटचं एक गाणं” या आग्रहाच्या वेळी होते.

सांडलेच तर पहिल्या मिनिटाला महत्त्व आहे. कीबोर्डची वीज लगेच तोडावी, तो उलटा करून निथळू द्यावा, आणि “चालतो का बघू” म्हणून लगेच पुन्हा सुरू करू नये. ओल्या सर्किटला वीज मिळाली की जे वाचले असते तेही जळते. ढोलकीची शाई घासून पुसू नये, कोरडे कापड नुसते टेकवून ओल टिपावी आणि सावलीत वाळवावी. पॉलिशवरचा थेंबही असाच टिपायचा.

राहिला प्रश्न भरपाईचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली दुसऱ्याच्या मालमत्तेची हेतुपुरस्सर किंवा जाणूनबुजून नासधूस करणे हा गुन्हा आहे, आणि कलम 355 नशेत सार्वजनिक ठिकाणी केलेल्या गैरवर्तनाबद्दल आहे. प्रत्यक्षात पोलीस ठाण्याची पायरी क्वचित कोणी चढतो. पुढची सुपारी त्याच पंचक्रोशीतून यायची असते, आणि लोभापायी सांडलेल्या पेल्यात हेतू दाखवणेही अवघड. बहुतेक ठिकाणी नुकसान खाली खाली झिरपत जाते: यजमान हात झटकतो, मालक दुरुस्तीचे पैसे वादकाच्या मजुरीतून कापतो, आणि ज्याने काहीच मोडले नाही तो भरत राहतो. हे अन्यायाचे आहे. वाद्य मालकाचे असेल तर जोखीमही मालकाची, आणि ती त्याने सुपारीच्या रकमेत आधीच धरली पाहिजे. लग्नाच्या तिथी मोजक्या असतात, एका दिवशी मोडलेले वाद्य पुढच्या दोन सुपाऱ्यांनाही नडते, म्हणून निदान एक जादा ढोलकी आणि एक जादा कीबोर्ड गाडीत हवाच. मोडतोडीचा हिशेब त्याच रात्री, वाद्य आणि पावती समोर ठेवून, सुपारी देणाऱ्या माणसाशी करावा. मोबाइलवर फोटो काढून तारीख-वेळेसह ठेवावा. सकाळी मांडव उतरतो, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि मग कोणाच्या हातून काय झाले हे सांगायला कोणी पुढे येत नाही.