सातासमुद्रापार पंचगंगेचा आकडा

वाचकहो, आपल्या कोल्हापूर भागात ज्याचं एकही पोर परदेशात नाही असं गाव आता शोधावं लागेल. तेव्हा लेकीच्या बाळंतपणाच्या निमित्तानं तुम्हालाही आज ना उद्या विमानात बसायची पाळी येईल. लोणचं-पापड कसं बांधायचं ते घरातल्या बायका सांगतीलच. मी सांगणार आहे ती परमुलखात टॅबवर नेट मिळवण्याची गोष्ट. ऐकायला किरकोळ वाटेल. मलाही तशीच वाटली होती.

२०१९ च्या जुलैत आम्ही उभयतां लेकीकडं हॉलंडला गेलो. मागं धाकटा भाऊ, त्याची बायकापोरं, चार म्हशी आणि नदीकाठचा अडीच एकर ऊस. फोनवरची बारीक अक्षरं मला दिसत नाहीत, म्हणून निघण्याआधी मुलानं टॅब घेऊन दिला. दुकानदारानं विचारलं, "सिमवाला देऊ का वायफायवाला?" वायफायवाला स्वस्त होता, तोच घेतला. बियाण्यात पैसे वाचवावेत तशातली ही बचत. असा टॅब वायफाय असेल तिथंच चालतो. घराचा उंबरा ओलांडला की ती नुसती पाटी.

तिथं विमानतळावर उतरलो आणि "पोचलो" एवढं कळवायला फोन चालू केला. नेट चालूच राहिलं. खिशातल्या खिशात फोननं गावाकडच्या ग्रुपवरचे सगळे व्हिडिओ उतरवून घेतले. पुढं जे बिल आलं त्यात एक चांगली दुभती शेळी आली असती. रोमिंग म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. उसाची नोंद एका कारखान्याकडं असावी आणि ऊस दुसऱ्यानं न्यावा, तसं हे आहे. आपलं सिम तिकडं गेलं की परक्या कंपनीच्या टॉवरवर पाहुणं म्हणून उभं राहतं. ती कंपनी आपल्या कंपनीकडून पैसे घेते आणि आपली कंपनी आपल्याकडून. आधी ठराविक दिवसांचा पॅक घेतला असेल तर खर्च आटोक्यात राहतो. तो नसेल तर विमानात बसण्याआधी डेटा रोमिंग बंद करा. पण रोमिंग सेवा इकडूनच सुरू करून घ्या. या दोन गोष्टी निराळ्या आहेत. का, ते पुढं येईल.

दुसऱ्या दिवशी लेकीनं किराणा मालाच्या मोठ्या दुकानातून तिथलं सिम आणलं. हॉलंडात त्याला ओळखपत्र लागत नाही, अंगठा लागत नाही, साखर घ्यावी तसं घ्यायचं. शेजारच्या जर्मनीत मात्र पासपोर्ट दाखवून नोंद करावी लागते. मी उत्साहानं आपलं सिम काढून काड्यापेटीत ठेवायला निघालो, तशी लेक म्हणाली, "आबा, ते आतच राहू दे. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार. येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत." बहुतेक कंपन्यांचं असंच आहे, तरी आपल्या कंपनीला विचारून घेतलेलं बरं.

मग दोन सिमच्या त्या फोनची व्यवस्था अशी लागली. एका खाचेत आपलं सिम, त्याचं नेट बंद. दुसऱ्या खाचेत तिथलं सिम, त्याचं नेट चालू. घराबाहेर पडलं की फोनचा हॉटस्पॉट लावायचा आणि त्यावर टॅब चालवायचा, म्हणजे विहिरीचं पाणी पाटानं शेजारच्या वाफ्यात सोडल्यासारखं. फोनची बॅटरी मात्र बघता बघता उतरते. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालतं. नवं सिम बघून ते "नंबर बदलायचा का?" असं विचारेल, तेव्हा नाही म्हणायचं.

ऑगस्ट उजाडला आणि गावाकडं पावसानं ठाण मांडलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आपल्याकडं पोरासोरांनाही पाठ असतं. हॉलंडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागं. मी पहाटे साडेपाचला टॅब उघडायचो, तोवर गावाकडं नऊ वाजलेले आणि आकडा चढलेला असायचा.

नेमकी जावयानं पॅरिसची तिकिटं आधीच काढून ठेवलेली. मी नको म्हणत होतो. लेक म्हणाली, "आबा, टॅब हातात आहे. इथं बसून काय आणि तिथं बसून काय?" नेटाच्या बाबतीत तिचं खरं होतं. २०१७ च्या जूनपासून युरोपियन युनियनमधल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दरात चालतं. रेल्वेनं बेल्जियम ओलांडला, फ्रान्स आला, तरी नेट तुटलं नाही. कारभारीण खिडकीतून रानं बघत होती आणि मी आकडा बघत होतो. ग्रुपवर व्हिडिओंचा पाऊस. त्यात २००५ च्या पुराचे फोटोही आजचे म्हणून फिरत होते. ते सगळं आपोआप उतरत राहिलं आणि पॅरिस यायच्या आत महिन्याचा डेटा संपला. व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करायची सोय त्यातच असते, हे मला त्या दिवशी कळलं.

लेकीनं आपल्या फोनवरून नेट दिलं. भावाला लावला. लागेना. गावातल्या कुणाचाच लागेना. मी टॅब बंद करून चालू केला, सेटिंग उलटसुलट केलं, जावयावर उगाच चिडलो. माझं नेट ठणठणीत होतं हो. गावाकडंच वीज गेलेली आणि टॉवर बंद पडलेला. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि महामार्ग शिरोलीजवळ बंद होता. आयफेल टॉवरखाली उभा राहून मी आमच्या गावचा टॉवर आठवत होतो. बंधाऱ्याचा आकडा दिसत होता, भाऊ दिसत नव्हता. कारभारीण दोन दिवस नीट जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन किणकिणला. व्हॉट्सॲप नव्हे, साधा एसएमएस, आपल्या सिमवर, अनोळखी नंबरावरून. "अण्णा, म्हशी माळावर नेल्या. आम्ही शाळेत आहे. एक रेडकू गेलं. काळजी नको." भावानं माळावरच्या कुणा पोराचा फोन मागून तो धाडला होता. नेट येत नव्हतं तिथून रेंजच्या एका काडीवर एवढी चिठ्ठी निघून आली होती. आपल्या वारणा खोऱ्यात १९९८ साली गावोगावी संगणक बसवायची योजना आली. पुढं २००७ मध्ये काही गावांत उसाची माहिती एसएमएसवर देऊ लागले, तेव्हा मी हसलो होतो, की एवढ्याशा चिठ्ठीत मावतं काय! कारभारणीनं ती चिठ्ठी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली.

हॉलंडला परतल्यावर शेजारची म्हातारी चौकशीला आली. तिच्या देशानं १ फेब्रुवारी १९५३ चा समुद्राचा पूर पाहिलेला, १,८३६ माणसं गेली त्यात. टेलिफोन तुटले तेव्हा घरी रेडिओयंत्र बाळगणाऱ्या हौशी लोकांनी निरोप पोचवले, असं तिनं सांगितलं. जाताना तिनं लेकीकडून विचारून घेतलं, म्हशी सगळ्या वाचल्या का?

आम्ही सप्टेंबरात परतलो. ऊस काळा पडून उभा होता आणि ओसरीच्या भिंतीवर छातीएवढी गाळाची रेघ होती.

आता आणखी एक सोय झाली आहे, ई-सिमची. कार्डच नाही. घरबसल्या पैसे भरायचे, फोननं चौकोनी खूण टिपायची, की उतरल्याबरोबर नेट चालू. आपला फोन किंवा टॅब ई-सिम घेतो का, तेवढं आधी बघा. यातली पुष्कळशी ई-सिमं नुसत्या नेटाची असतात, नंबर देत नाहीत. तिथल्या दवाखान्यानं नंबर मागितला तर पंचाईत.

लेकीकडं पुन्हा जायचं घाटतंय. या खेपेला टॅब सिमवाला घेतला. भाऊ गोठ्यात धार काढता काढता म्हणाला, "अण्णा, ते ई-सिम का काय ते खुशाल घे. पर जुनं कार्ड काढू नगंस. मला तुझा तेवढाच नंबर पाठ हाय."