ऐंशी किलोमीटरांचे पाणी

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि एस्टोनियाची राजधानी टालिन यांच्यामध्ये फिनलंडच्या आखाताचे सुमारे ८० किलोमीटर पाणी पसरले आहे. विमान ते अर्ध्या तासात ओलांडते. बोटीला दोन तासांच्या आसपास लागतात. तरीही बहुतेक प्रवासी बोटच पसंत करतात, कारण ती त्यांना टालिनच्या जुन्या तटबंदीजवळ नेऊन सोडते.

एके काळी मात्र हेच अंतर दुस्तर होते. १९४० साली एस्टोनिया सोव्हिएत संघात ओढला गेला आणि ही वाट बंद झाली. १९६५ साली बोट पुन्हा सुरू झाली, तरी सामान्य टालिनकराला परवानगीवाचून तीत पाऊल ठेवता येत नसे. फिनलंडची नभोवाणी तेवढी परवाना न मागता त्याच्या घरात येई. दोन्ही देशांच्या राष्ट्रगीतांची चाल एकच! स्वदेशी बंदी असलेली ती चाल तो पैलतीरावरून ऐके.

१९९१ साली एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. २००७ साली पारपत्रांची नित्याची तपासणीही संपली. आता सकाळी गेलेला माणूस सायंकाळी घरी परततो. समुद्र तसूभरही आटलेला नाही. दूर झाली आहे ती मधली आडकाठी.