माझा राउंड

लंडनमध्ये 'राउंड' हा शब्द दिवसभर कानावर पडतो आणि निम्म्या वेळा त्याचा गोलाईशी काही संबंध नसतो. कॅफेत टोस्टचा राउंड मागवला की चौकोनी पावाचे भाजलेले काप येतात. केन्सिंग्टन गार्डन्समधलं १७३० सालचं राउंड पाँडसुद्धा काटेकोर वर्तुळ नाही. सकाळी शाळेआधी घरोघर वर्तमानपत्रं टाकणाऱ्या मुलांचा पेपर राउंड असतो. वॉर्डातला राउंड तर आपल्याही ओळखीचा. डॉक्टर राउंडला आलेत, असं नाशिकची सिस्टरही म्हणते.

पण या शहराची रीत कळायची तर पबमधला राउंड पाहावा. ऑफिस सुटल्यावर चौघं-पाचजण येऊन बसतात. टेबलाशी ऑर्डर घ्यायला सहसा कुणी येत नाही, बारपाशी जावं लागतं. एकजण उठतो, 'माझा राउंड' म्हणतो, कुणाला काय हवं ते विचारतो आणि सगळ्यांचे पैसे एकटा भरतो. तीन पाइंट दोन्ही तळव्यांच्या बेचक्यात धरून, गर्दीतून वाट काढत, फेस न सांडता आणायचे म्हणजे कसबच. माझ्या लाइम-सोड्यासाठी तो दुसरी खेप करतो. ग्लास तळाला लागत आले की दुसरा कुणीतरी आपणहून उठतो. वही नाही, हिशेब नाही, तरी पाळी कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऐन पाळीला मोबाइलमध्ये डोकं घालणाऱ्याला तोंडावर कुणी बोलत नाही, पण ते लक्षात मात्र राहतं.

आपल्याकडे चहाच्या बिलावरून ओढाताण होते आणि वयानं किंवा पगारानं मोठा असलेला बहुधा जिंकतो. इथे साहेबाचा राउंड आणि नव्या ट्रेनीचा राउंड एकाच तोलाचे. ट्रेनीला त्याची पाळी घेऊ देण्यात त्याचा मान आहे, असं मला मनापासून वाटतं. परक्या शहरात बरोबरीनं वागवलं जाण्याची इतकी सोपी जागा मला दुसरी सापडलेली नाही.

पहिल्या महायुद्धात सरकारला हीच रीत खुपली. पाच जणांत बसलं की पाच ग्लास होईपर्यंत उठता येत नाही, माणूस हवी त्याहून जास्त पितो आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कामं रखडतात, ही तक्रार होती. ऑक्टोबर १९१५ मध्ये लंडनमध्ये दुसऱ्यासाठी दारू विकत घ्यायलाच बंदी आली. नवऱ्यानं बायकोला पाजलेलीही चालेना. जेवणाबरोबरची तेवढी सूट. युद्ध संपल्यावर बंदी उठली आणि राउंड परतले. सरकारची काळजी अगदीच खोटी नव्हती. म्हणूनच हल्ली दुसऱ्या ग्लासानंतर 'मला नको' म्हणणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही, हे मला फार बरं वाटतं.

सप्टेंबरात पुण्या-मुंबईहून शिकायला आलेली मुलंमुली हमखास विचारतात, आम्ही पीत नाही, मग पबात जायचं का? जरूर जा. संत्र्याचा ज्यूस मागा, पण पाळी आली की उठा आणि बाकीच्यांची बिअर तुम्हीच आणा. महिनाअखेरीची तंगी असेल तर बसतानाच सांगा, मी माझं माझं घेईन. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आणि अकराच्या सुमारास शेवटच्या ऑर्डरची घंटा होते, त्याआधी आपली पाळी आटोपून घ्या.