तीन खणांचे घर

माळेगावच्या जत्रेत बायस्कोपवाल्याच्या पेटीला ज्याने एकदा डोळे लावले आहेत, त्याला आभासी वास्तव म्हणजे काय हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. भोकाला डोळे, पाठीवर ऊन, मागे ताटकळलेल्या पोरांचा रेटा, आणि समोर ताजमहाल! रेटा जरा जोराचा आला की ताजमहाल नाहीसा व्हायचा आणि आपण पुन्हा खंडोबाच्या माळावर धुळीत उभे. आज जो हेडसेट डोक्याला बांधतात त्याने काही साधले असेल तर एवढेच, की पाठीवरचे ऊन आणि मागचा रेटा विसरायला लावला. पण हे ‘एवढेच’ साधायला माणसाला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

आपल्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित निराळी दिसते आणि त्या दोन चित्रांच्या फरकातून मेंदू खोली ओळखतो, हे इंग्लंडमधल्या चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ साली मांडले. त्याने दोन आरसे आणि दोन रेखाचित्रे घेऊन ते दाखवूनही दिले. आपल्याकडे १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर टाकून पुराणातल्या कथा दाखवायला सुरुवात केली. त्या खेळाचे नाव त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ असे ठेवले. शंबरासुर हा पुराणातला मोठा मायावी. आपण मायेचा व्यवहार करतो आहोत हे पटवर्धनांनी पाटीवरच लिहून ठेवले होते. आजचे कारखानदार आपल्या मालाला ‘वास्तव’ म्हणतात, तेव्हा मला कल्याणच्या त्या गृहस्थांच्या सरळपणाचे कौतुक वाटते. पुढे १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचे पहिले संगणकी यंत्र केले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे, आणि त्यात दिसायचे काय, तर हवेत तरंगणारी काही रेघोट्यांची चौकट.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला संगणकावरचे खेळ तयार करण्याच्या उद्योगात आहे. गेल्या उन्हाळ्यात तो नांदेडला आला तेव्हा आपला हेडसेट घेऊन भेटायला आला. ‘सर, घालून तर बघा,’ म्हणाला. घातला. अर्धा किलो ज्वारीची पिशवी कपाळाला बांधावी तसे वाटले. मग समोर समुद्राचा तळ आला, माझ्या ओसरीएवढा एक देवमासा डोळ्यापुढून गेला. देवमासा मला फारसा भावला नाही; असल्या भपक्याची सवय सिनेमाने केव्हाच लावली आहे. मला थक्क केले ते एका साध्या टेबलाने. दुसऱ्या एका दृश्यात खोलीत एक टेबल होते. मी सहज वाकलो, आणि मला टेबलाखालचे दिसले! एक पाऊल बाजूला सरलो, तर टेबलामागची भिंत पुढे आली.

दहाएक वर्षांमागे पुठ्ठ्याची एक घडी निघाली होती, तिच्यात मोबाइल खोचून डोळ्यांशी धरत. गूगलने ती २०१४ साली आणली. तिच्यात मान वळवली की चित्र वळे, पण पाऊल टाकले तर काही होत नसे. आपण जणू खांबाला बांधलेले. नव्या संचाला बाहेरच्या बाजूने बारीक कॅमेरे असतात. ते खोलीच्या भिंती, कोपरे, खुर्च्या सतत पाहत असतात आणि आपण कितीसे हललो हे त्यावरून ओळखतात. मान हलल्यावर नवे चित्र डोळ्यापुढे यायला सेकंदाच्या हजार भागांपैकी वीसएक भागांपेक्षा जास्त वेळ लागला तर पोटात ढवळू लागते. डोळा एक सांगतो, कान दुसरे सांगतो, आणि या भांडणात पोटाचा बळी जातो. तेवढ्या वेळात सगळे जग नव्याने काढायचे, तेही एका सेकंदात नव्वद वेळा! आमच्या शाळेतला चित्रकलेचा तास आठवून मला त्या यंत्राची दया आली.

पण मला, कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला, त्याहून मोठी गंमत वाटली ती दुसऱ्याच एका युक्तीची. डोळ्याला एका वेळी अगदी लहानशी जागाच स्वच्छ दिसते. भोवतालचे सारे धूसर असते आणि ते धूसर आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. तेव्हा नव्या महागड्या संचांत नजर कुठे आहे हे पाहणारे कॅमेरे आतल्या बाजूला बसवतात, आणि नजर जिथे असेल तेवढाच भाग रेखीव काढतात. बाकीच्यावर श्रम घालवीत नाहीत. ॲपलने फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत विकायला काढलेल्या संचात ही सोय आहे. त्याची किंमत ३,४९९ डॉलर होती, म्हणजे आपले सुमारे तीन लाख रुपये. विद्यार्थ्याने हे सांगितले तेव्हा मी म्हणालो, ‘अरे, हे तर कथेकरी फुकट करीत आले आहेत.’ बाजाराचे वर्णन करताना सगळी दुकाने कोण मांडतो? एका तराजूचा काटा दाखवायचा, बाजार वाचणारा भरून काढतो.

त्या दिवशी आमच्या घरी पत्नीचे मामा होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते नांदेडला आले होते आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते. वय ७७. त्यांचे गाव किल्लारीच्या परिसरातले. आमचा सगळा खेळ त्यांनी मुकाट्याने ऐकला आणि शेवटी विचारले, ‘लेकरा, यात आपलं घर दिसतं का?’

‘कोणतं घर, आजोबा?’

‘जुनं.’

आमच्याकडे ‘जुनं’ आणि ‘नवं’ या शब्दांना एक तारीख आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून लोक घरात निजले होते. पहाटे चार वाजायला चारेक मिनिटे असताना जमीन हलली. सुमारे १०,००० माणसे गेली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे सबंध उचलून नव्या जागी वसवण्यात आली. नावे तीच राहिली; रस्ते रुंद झाले, घरे रांगेत आली. जुन्या गावठाणावर दगड आणि बाभळी उरल्या. मामांची आई आणि नऊ वर्षांची मुलगी त्या पहाटे गेली.

विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, ‘दिसत नाही आजोबा, पण करता येईल. मापं सांगाल?’

मापे घ्यायचे काम माझ्याकडे आले. मामा पंधरा दिवस आमच्याकडे होते. रोज संध्याकाळी मी वही घेऊन बसे. घर तीन खणांचे. दार उगवतीला. रुंदी किती? ‘बैल सरळ जायचा, गाभण म्हैस जरा अंग चोरायची.’ दाराची उंची किती? त्यावर मामांनी तळहात आपल्या कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटे, टेकवला आणि म्हणाले, ‘इथं लागायचं.’ मी टेपने ती उंची मोजून घेतली. देवळ्या अकरा. कोणत्या देवळीत काय असे, हे त्यांनी न अडखळता सांगितले: चिमणी, चुन्याची डबी, खुरपे, मुलीची पाटी, दस्तांची पिशवी. पण दोन देवळ्यांमधल्या भिंतीचे विचारले की गप्प होत. ‘भिंत म्हंजे भिंत. तिचं काय सांगू?’ गोठ्याच्या वरच्या बाजूला काय होते ते त्यांना कितीही ताणले तरी आठवेना. मला विद्यार्थ्याच्या त्या युक्तीची आठवण झाली. जिथे नजर ठरली होती तेवढेच घर रेखीव उरले होते. मामींना फोनवर विचारले तर जात्यावरून भांडण निघाले. मामा म्हणत, जाते चुलीच्या अंगाला. मामी म्हणत, दाराशी. ‘दळायचं मी का तुम्ही?’ या प्रश्नापुढे मामांचे काही चालले नाही. पण त्यांनी आपला शब्दही मागे घेतला नाही.

मध्येच एक सांगून टाकतो. कंधारचा, औशाचा, उदगीरचा किल्ला उद्या कोणी बुरुजाबुरुजाने मोजून या यंत्रात घालील, आणि घालावाच. होट्टलची देवळे, खरोशाची लेणी यांचेही तसेच व्हावे. साध्या मोबाइलने चहूबाजूंनी फोटो काढले तरी आता त्यांची घनाकृती जोडता येते, असे विद्यार्थी म्हणतो. ठाण्याची अजनालेन्स ही कंपनी तर असले संच आपल्याच इथे बनवते, आणि रंगकाम, वेल्डिंग शिकणारी मुले ते डोळ्यांना लावून सराव करतात. हे सगळे उत्तम आहे. पण तीन खणांच्या घराला कधी कोणी टेप लावला नव्हता. ती ५२ गावे पडली तेव्हा अशी हजारो घरे कुणाच्या कागदावर नव्हती. ती आता साठीच्या पुढच्या लोकांजवळ आहेत, कपाळाला हात लावून दाखवण्यापुरती. या माणसांजवळ वही घेऊन बसायला तीन लाखांचे यंत्र लागत नाही.

घराचा एकही फोटो नव्हता. फोटो होता तो एकच, लातूरच्या एका स्टुडिओत काढलेला: मामी आणि मुलगी, मागे रंगवलेला बगीचा. तो पाहून विद्यार्थी हळूच म्हणाला की आता एका फोटोवरूनही माणूस चालता-बोलता करता येतो. ओसरीवर बसलेली दाखवता येईल. मी काही बोललो नाही. मामांनी फोटो परत पाकिटात घातला.

‘ती आता एक्केचाळीस वर्षांची हाय,’ ते म्हणाले. ‘नऊ वर्षांची मला कशाला दाखवता?’

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही दोघे लातूर-औसा करीत मामांच्या नव्या गावी गेलो. घरापुढचे मोकळे अंगण झाडून ठेवलेले होते, जणू सत्यनारायण आहे. विद्यार्थ्याने खडूने एक चौकोन आखला, त्याबाहेर मामांनी जाऊ नये म्हणून. मामींनी यंत्र घालायला साफ नकार दिला. त्या मोबाइलचा पडदा धरून माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. मामांना जे दिसत होते ते आम्हाला त्या पडद्यावर दिसत होते.

मामा अंगणाच्या मध्यावर उभे होते. समोर काही नव्हते, फक्त ऊन. त्यांनी दोन पावले टाकली आणि तिसऱ्या पावलाला मान खाली घालून वाकले. चौकट आली होती. त्या गृहस्थांच्या पाठीला बत्तीस वर्षांनीही तिची उंची ठाऊक होती. आत गेल्यावर ते सरळ झाले, डावीकडे वळले, एका देवळीशी गेले आणि हात पुढे केला. हात हवेतून आरपार गेला.

‘हाताला लागंना,’ ते म्हणाले.

‘नाही लागणार आजोबा. नुसतं दिसतं.’

मग त्यांनी मान वर केली, आणि बराच वेळ तशीच ठेवली. मोबाइलच्या पडद्यावर तुळया, त्यांवरच्या काड्या, मधला उजेडाचा झरोका. विद्यार्थ्याने माळवद हुबेहूब केले होते. दीड हात जाडीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये चुना नव्हे तर चिखल, आणि वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार, थंडीत ऊबदार. आपल्या भागातली असली घरे त्या पहाटे का बसली हे जाणत्यांनी पुढे सांगितले: डोईवर एवढा भार आणि भिंतीच्या दगडांना एकमेकांचा धरबंध नाही. संगणकातल्या भिंतीला वजन नसते. ती कशीही उभी राहते.

‘लेकरा, वर माती किती घातलीस?’

‘तुम्ही सांगितली तेवढी. अडीच वीत.’

‘दर साली पावसाच्या आधी नवी टाकावी लागायची. गळू नये म्हणून. त्या साली मी वीस पाट्या टाकल्या.’ ते थोडे थांबले. ‘कमी कर.’

विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो अंगणातच मांडी घालून बसला, लॅपटॉप उघडला आणि थराचा आकडा बदलला. मिनिटभराचे काम. मामा तोवर यंत्र न काढता खडूच्या चौकोनात उभे होते. चित्र परत आले तेव्हा त्यांनी पुन्हा वर पाहिले.

‘अजून.’

त्याने आणखी कमी केली. वीतभर राहिली.

‘आता बरं हाय,’ मामा म्हणाले.

मामींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

‘आवं, मग पावसाळ्यात गळंल की.’

कोणी काही बोलले नाही. विद्यार्थ्याने दोन्ही प्रती जपून ठेवल्या आहेत. जाते मात्र त्याने दोन्हीत दाराशीच मांडले आहे.