ककडीवाल्याची हाक

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एका वर्षी मी आठवीच्या मुलामुलींना घेऊन 'आग्रा बाजार' या उर्दू नाटकातील काही प्रसंग बसवायला घेतले. हबीब तन्वीर यांनी हे नाटक १९५४ साली दिल्लीत रंगभूमीवर आणले.

नाटकाची गोष्ट साधी आहे. बाजारात मंदी आहे. ककडीवाल्याची ककडी कोणी घेत नाही. ककडीवर एखादी कविता मिळाली, तर ती गाऊन माल विकता येईल, असे त्याला वाटते. तो शायरांच्या विनवण्या करतो. पण कोणी दाद देत नाही. शेवटी नजीर अकबराबादी यांची कविता त्याला मिळते आणि ककडी विकली जाते. गंमत म्हणजे नजीर स्वतः रंगमंचावर येतच नाहीत!

पहिल्याच दिवशी मुले संवाद पाठ करू लागली. मी म्हणालो, "पाठांतर नंतर. आधी नाटक वाचायला शिकू या." मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. या माणसाला काय हवे आहे? ते त्याला का मिळत नाही? बोलण्यापूर्वी त्याच्यावर काय गुजरले आहे?

ककडीवाल्याचे काम एका किडकिडीत मुलाकडे होते. तो अगदी हळू आवाजात हाक मारी. "अरे, मोठ्याने! लोक हसले पाहिजेत," मी ओरडलो. सगळी मुले त्यालाच हसली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्या."

मी कारण विचारले. तो बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, "माझे अब्बा हातगाडीवर केळी विकतात. सकाळी त्यांचा आवाज मोठा असतो. दुपारपर्यंत विक्री झाली नाही, की आवाज बसतो. तरी ते हाक मारतातच. या ककडीवाल्याचेही काही विकले गेलेले नाही ना, सर?"

मला काय बोलावे ते सुचेना. फळ्यावरचा तिसरा प्रश्न मी लिहिला होता, पण त्याचे उत्तर या मुलाने शोधले होते. मी मात्र नाटक न वाचताच त्याला हुकूम सोडला होता.

"माझे चुकले," मी सर्वांसमोर म्हणालो. "आता त्या दुपारच्या आवाजात वाच."

त्याने वाचले. या वेळी कोणीही हसले नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, याची ककडी घ्यावीशी वाटते."

माझ्या वहीत त्या संवादापुढे मी पेन्सिलीने 'मोठ्याने' असे लिहून ठेवले होते. मी ते खोडून टाकले. स्नेहसंमेलनात ककडीवाला त्यानेच केला.